मालवाहू जहाजावर लेकराबाळांसह : ऐकीव काय, खरं काय

बीडहून न्हावा शेवा बंदर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. आपल्या जिल्ह्यात समुद्र पाहायचा तो बहुतेकांनी मुंबईला किंवा कोकणात गेल्यावर. त्यामुळे मर्चंट नेव्हीतला मुलगा किंवा जावई ‘या खेपेला बायको-लेकरांनाही जहाजावर नेतो’ म्हणाला, की घरात कौतुक आणि काळजी एकदमच सुरू होते. मग जो तो ऐकलेलं सांगू लागतो. अशा ऐकीव माहितीपायी एखाद्या घराची चांगली संधी जाते, तर एखादं घर नको तो धोका पत्करतं.

पहिली गल्लत नावातच आहे. मर्चंट नेव्हीचा नौदलाशी संबंध नाही. ही कोळसा, तेल, धान्य, कंटेनर वाहणारी व्यापारी जहाजं. त्यांच्यावर कुटुंब नेणं हा कायद्याने मिळालेला हक्कही नाही. भारताने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या सागरी कामगार करारात, शक्य असेल तिथे जोडीदाराला अधूनमधून सोबत येऊ द्यावं आणि त्याचा पुरेसा विमा असावा, अशी शिफारस तेवढी आहे. परवानगी कंपनी देते, आणि ती बहुधा वरिष्ठ अधिकाऱ्यांना आधी मिळते. अधिकारी बाई असेल तर नवराही असा जाऊ शकतो.

‘सुनेला तिथं सगळ्यांचा स्वयंपाक करावा लागत असेल’ ही शंका आपल्याकडे येणं साहजिक आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कुटुंब सोबत गेलं म्हणजे कामाला गेलं, हेच आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलं. जहाजावर तसं नाही. कुटुंबाची नोंद ‘सुपरन्युमररी’, म्हणजे कामावर नसलेली व्यक्ती, अशी होते. स्वयंपाकाला कुक असतो. उलट डेकवर किंवा इंजिनरूममध्ये विचारल्याशिवाय जाताच येत नाही. कॅप्टनचा शब्द शेवटचा.

आणि पाणी? टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. ‘खाऱ्या पाण्याने आंघोळ करावी लागते’ हे मात्र खरं नाही. मोठ्या जहाजावर समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारं यंत्र असतं. मुख्य इंजिन थंड ठेवणारं पाणी तापलेलं असतंच. तीच उष्णता या यंत्रात वापरतात. आतला हवेचा दाब इतका कमी केलेला असतो, की समुद्राचं पाणी १०० अंशांऐवजी ४० ते ६० अंशांनाच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी, मीठ मागे. अशा यंत्रातून दिवसाला वीस-पंचवीस टन पाणी मिळू शकतं. पण किनाऱ्याजवळचं पाणी घाण असतं म्हणून तिथे हे यंत्र बंद ठेवतात, आणि जहाज बंदराबाहेर बरेच दिवस नांगरून राहिलं की टाकीतलं पाणी जपून वापरावं लागतं. ती सवय आपल्या माणसांना शिकवावी लागणार नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘एवढं मोठं जहाज, डॉक्टर असणारच.’ नसतो. १०० किंवा त्याहून अधिक माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीला जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. मालवाहू जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. औषधांची पेटी बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते; तो वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला असतो आणि रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. भर समुद्रात हेलिकॉप्टरही पोहोचत नाही. म्हणून गरोदर बाईला आणि अगदी तान्ह्या बाळाला कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. आकडी येणारं किंवा दम्याचं मूल असेल, तर परवानगी मिळाली तरी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जग फुकटात पाहायला मिळेल, या आशेनेही जाऊ नये. कंटेनर जहाज एखाद्या बंदरात दिवसभरही थांबत नाही, आणि धक्का शहरापासून लांब असतो. खलाशाला त्याच्या सीडीसीवर, म्हणजे नोकरीच्या नोंदीच्या अधिकृत पुस्तिकेवर, किनाऱ्यावर उतरण्याची मिळणारी मुभा कुटुंबाला नसते. त्या देशाचा व्हिसा नसेल तर जहाजावरच बसावं लागतं. मालाचं ठिकाण बदललं की उतरण्याची तारीखही बदलते. मुलांची परीक्षा तोंडावर असेल तर हा प्रवास नकोच.

‘पैसे भरा, मालवाहू जहाजावर फिरवून आणतो’ असं सांगणाऱ्या एजंटाला तर एक रुपयाही देऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारं जहाज प्रवासी जहाज ठरतं, त्यामुळे मालवाहू जहाजावर जागाच मोजकी. घरात कुणी खलाशी नसेल आणि लेकरांना समुद्रप्रवास घडवायचाच असेल, तर कोचीहून लक्षद्वीपला आणि चेन्नईहून अंदमानला माल व प्रवासी दोन्ही नेणारी सरकारी जहाजं जातात. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना आधी काढावा लागतो.

ज्यांचं जाणं ठरलं आहे, त्यांनी एक काम आजच करावं. मुलाचं वजन आणि उंची कंपनीला कळवा. लाइफजॅकेट वजन-उंचीवर ठरतं. वजनाचं माप असं : १५ किलोंच्या आत तान्ह्या बाळाचं, १५ ते ४३ किलोंपर्यंत मुलांचं, त्यापुढे मोठ्यांचं. मालवाहू जहाजावर नेहमी असतात ती मोठ्यांची. मुलांच्या मापाचं आधी सांगून मागवावं लागतं.