पेशींचे राखणदार आणि स्तनाचा कर्करोग

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

एखादीला स्तनाचा कर्करोग झाला की गावात कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं हिच्या माहेरचीच खोट. काही घरांत तिचं ताट-पेलाही वेगळा ठेवतात. म्हणून आज बघूया, शरीराच्या आत नेमकं काय बिघडतं.

आपल्या शरीरात जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातल्या जनुकांची नक्कल केली जाते. जनुकं म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या सूचना. नक्कल करताना चुका होतातच. त्या पकडायला पेशीत राखणदार प्रथिनं असतात. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आठवतात. पण ही प्रथिनं पेशी स्वतः तयार करते.

त्यातलं एक पी-५३. शास्त्रज्ञांना ते १९७९ साली सापडलं. पेशीत बिघाड दिसला की ते तिची वाढ थांबवतं. बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर त्या पेशीला मरायला लावतं. दुसरी दोन आहेत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. जनुकाचा धागा तुटला तर ती दुरुस्तीला मदत करतात. शिंपी मापाचा ब्लाउज समोर ठेवून नवा बेततो ना, तशी शेजारची चांगली नक्कल बघून तुटलेला भाग पुन्हा तयार होतो.

प्रत्येक राखणदाराच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तरी बहुतेक वेळा दुसरीवर काम भागतं. दोन्ही बिघडल्या की चुका साठत जातात. पेशी बेसुमार वाढतात, गाठ होते; पुढे ती काखेत, हाडांत, फुफ्फुसांत पसरू शकते.

बहुतेक जणींत हे बिघाड जन्मानंतर, वय वाढताना होतात. १०० रुग्णांपैकी ५ ते १० जणींतच तो वारशाने आलेला असतो, आणि तो वडिलांकडूनही येतो. म्हणून आई-मावशीइतकीच आजी-आत्याचीही चौकशी करा. घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा, किंवा कुठल्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या तपासणीतून बिघाड कळतो. बिघाड सापडला म्हणजे कर्करोग होणारच असं नाही. पण धोका बराच वाढतो, म्हणून तपासण्या लवकर सुरू करता येतात.

यात कुणाचं पाप नाही, आणि हा आजार ताटातून पसरत नाही.

आता आपल्या हातातलं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने दीड लाखाहून जास्त बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी आत ओढलेली, बोंडातून रक्त, असं काही दिसलं तर थांबू नका. बऱ्याच गाठी साध्या असतात, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. पुढच्या गटाच्या बैठकीत तपासणीचा दिवस ठरवा आणि सगळ्याजणी मिळून जा.