रे. स्टीफन हिस्लॉप आणि गोंडी भाषेची सामग्री

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी भारतीय भाषांच्या अभ्यासात घातलेली भर सर्वश्रुत आहे. बिशपच्या पदापर्यंत पोहोचलेल्या रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये आपल्या तौलनिक व्याकरणात गोंडीची गणना द्राविड भाषांत केली. तथापि गोंडी मुखपरंपरेची सामग्री जतन करण्याचे श्रेय नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे जाते.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. बिशपची अधिसत्ता न मानणाऱ्या फ्री चर्चचे ते उपदेशक होते. १८४५ मध्ये ते नागपुरास आले, तेव्हा तेथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. गांधीबाग, महाल, इतवारी हे भाग ज्यात मोडतात, त्या जुन्या शहरात त्यांनी १८४६ मध्ये शाळा काढली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील जीवाश्मांचाही अभ्यास केला. हेच हंटर पुढे इंग्रजी कोशकार म्हणून प्रसिद्धी पावले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांची हस्तलिखिते रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. त्यांत आदिवासी जमातींवरील निबंध, शब्दसंग्रह आणि परधान गायकाकडून मिळविलेले लिंगोचे गीत आहे.

या गीतात गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो; परंतु महादेव-पार्वतीही त्यात वावरतात. हे मिश्रण मूळ परंपरेतले, गायकाचे, की नोंद करणाऱ्याच्या अपेक्षेतून आलेले? रोमन लिपीत उतरविताना गोंडी ध्वनींचे कोणते भेद लोपले? एकाच गायकाची वाणी समग्र समाजाची मानावी काय? हे प्रश्न टाळून त्या संहितेचा आधार घेणे शास्त्रीय ठरणार नाही.

मात्र हे प्रश्न विचारता येतात, कारण अनुवादासोबत मूळ गोंडी शब्दही छापले गेले. केवळ इंग्रजी सारांश उरला असता, तर पडताळणीस आधारच राहिला नसता. हिस्लॉप यांचे निष्कर्ष कालांतराने जुने झाले. मूळ वाणीची नोंद मात्र अभ्यासकास आजही उपयोगी पडते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे त्यांचे नाव नागपुरात टिकून आहे. भाषाशास्त्रात ते या नोंदींमुळे टिकावे.