डाव्या बरगडीखालची उदासी

पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन'मधल्या एका कडव्याने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे: पहिल्या प्रकरणातलं ३८वं. पीटर्सबर्गचे नाच, नाटकं, मेजवान्या, प्रेमप्रकरणं या सगळ्याला विटलेल्या तरुण अनेगिनला नेमकं झालंय काय, ते पुश्किन इथे सांगतो. या दुखण्याचं कारण एव्हाना कुणीतरी शोधायला हवं होतं, असं म्हणतो आणि त्याला लागोपाठ दोन नावं देतो. इंग्रजांच्या 'स्प्लीन'सारखं काहीतरी. थोडक्यात, रशियन 'खान्द्रा'. १८२३ साली किशिन्योवमध्ये लिहायला घेतलेलं हे प्रकरण १८२५ मध्ये छापून आलं. त्यातलं 'रशियन' हे विशेषण पुढे अनेकांनी फार गंभीरपणे घेतलं. खान्द्रा म्हणजे त्या अफाट सपाट भूमीतून, लांबलेल्या हिवाळ्यातून उगवलेली खास रशियन उदासी, अशी समजूत रूढ झाली. मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण एका इंग्रजी वैद्यकग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे.

स्प्लीन म्हणजे आपली पाणथरी, प्लीहा. संस्कृत 'प्लीहन्', ग्रीक 'स्प्लेन' आणि रशियन 'सेलेझ्योन्का' ही एकाच मुळाची भावंडं आहेत. आयुर्वेदाने प्लीहेचं नातं रक्ताशी जोडलं, तर ग्रीक वैद्य गेलेनच्या परंपरेने काळ्या पित्ताशी. ते पित्त पाणथरीने शोषलं नाही की त्याची वाफ डोक्यात चढते आणि माणूस खिन्न होतो, असं युरोपातले वैद्य शतकानुशतकं मानत आले. इंग्लंडात त्या अवयवाचं नावच रोगाला चिकटलं.

आता ते मुखपृष्ठ. १७३३ साली जॉर्ज चेनी या डॉक्टरने 'द इंग्लिश मॅलडी' हा ग्रंथ काढला. चेनी जन्माने स्कॉटिश. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडनला आला आणि रोगी मिळवायचे म्हणून खानावळींत बड्या लोकांच्या पंगतीला बसू लागला. व्यवसाय वाढला, तसा देहही. वजन ३२ स्टोनच्या पुढे, म्हणजे २०० किलोंच्या वर गेलं. एक जिना चढला तरी धाप लागे. त्यात मनही खचलं, तेव्हा पंगतीतले मित्र एकेक करून दूर झाले. शेवटी दूध आणि भाजीपाल्यावर राहून त्याने वजन उतरवलं, पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. हे सगळं त्याने त्याच ग्रंथाच्या अखेरीस 'लेखकाची स्वतःची केस' म्हणून लिहून ठेवलं आहे. बाथ शहरात श्रीमंतांना औषध देणारा डॉक्टर स्वतःच्या लठ्ठपणाचा आणि भीतीचा असा जाहीर हिशेब देतो, हे त्या काळी धाडसाचंच होतं. मला तर त्या ग्रंथातली ही पानं त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा मोलाची वाटतात.

चेनी म्हणतो, परदेशी लोक 'इंग्रजांचा रोग' म्हणून आम्हाला हिणवतात, पण इंग्लंडातल्या खात्यापित्या घरांतल्या जवळजवळ एक तृतीयांश तक्रारी याच जातीच्या आहेत. त्याने दिलेली कारणं अशी: दमट हवा, लहरी ऋतू, सकस जमीन, जड अन्न, पैसा, बैठं जगणं, दाटीवाटीची शहरं. आणि ग्रंथाच्या लांबलचक पूर्ण नावात स्प्लीन, व्हेपर्स, मनाचा खालावलेपणा यांच्या रांगेतच आणखी एक शब्द उभा आहे: 'हायपोकॉन्ड्रियाकल'.

हायपोकॉन्ड्रिया हेही मुळात शरीरातल्या जागेचं नाव. ग्रीकमध्ये 'खोन्द्रोस' म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग तो 'हुपोखोन्द्रिओन'. डावीकडे त्याच भागात पाणथरी असते. रशियनने हा शब्द 'इपोखोन्द्रिया' असा घेतला, मग पुढचा तुकडा गाळला, उरलेला घासला, आणि 'खान्द्रा' तयार झाली. म्हणजे पुश्किनच्या दोन्ही शब्दांचा पत्ता एकच, डाव्या बरगडीखाली, आणि दोन्ही ग्रीक वैद्यकातून आलेले. खान्द्रेत रशियन असेल तर ती जीभ, जिने परका शब्द चावून आपलासा केला.

कारणांची यादीही रशियात पोचली होती. १७९० मध्ये रशियन लेखक निकोलाय करमझीन लंडनला गेला होता. 'रशियन प्रवाशाची पत्रे'मध्ये त्याने इंग्रजांच्या स्प्लीनचा दोष रोस्टबीफवर ठेवला: त्याने रक्त दाट होतं, माणूस स्वतःलाच नकोसा होतो. वर समुद्राचं धुकं आणि दगडी कोळशाचा धूर आहेच. चेनीचंच निदान, पर्यटकाच्या वहीत उतरलेलं. पुश्किन मात्र धुक्याला किंवा मांसाला जबाबदार धरत नाही. कारण शोधायला हवं, एवढंच म्हणून तो पुढे सरकतो.

या ओळींपाशी इंग्रजी अनुवादकांची कसोटी लागते, कारण स्प्लीन हा तर त्यांचाच शब्द. व्लादिमीर नाबोकोव्हने १९६४ मध्ये चार खंडांत केलेल्या अनुवादात खान्द्रासाठी 'कॉन्ड्रिया' हा इंग्रजीत न रुळलेला शब्द वापरला. टीपेत त्याने एक देखणी गोष्ट दाखवून दिली: इंग्रजांनी त्या ग्रीक शब्दाचा पुढचा अर्धा भाग, 'हिप', घेतला, रशियनांनी मागचा, आणि दोन राष्ट्रांनी वाटणी करून टाकली. त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, समीक्षक एडमंड विल्सन, पुढच्याच वर्षी 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये या अनुवादावर तुटून पडला. त्याचा मोठा आक्षेप असल्याच अडगळीतल्या शब्दांवर होता. नाबोकोव्हने उलट वार केले आणि मैत्री कायमची दुभंगली. शब्दांपुरतं बोलायचं तर विल्सनच्या तक्रारीत तथ्य होतं. त्या अनुवादातल्या कितीतरी ओळी अडखळत वाचाव्या लागतात. पण 'कॉन्ड्रिया'पुरता मी नाबोकोव्हच्या बाजूने आहे. तो एक शब्द वाचकाला थेट बरगडीपाशी नेतो. चार्ल्स जॉन्स्टनने १९७७ च्या यमकबद्ध अनुवादात तोच ठेवला.

१९९० मध्ये जेम्स फॅलनने तो काढला. त्याचा अनुवाद जिभेवर सहज खेळतो, मला अनेक ठिकाणी आवडतो, पण इथे यमक साधताना त्याने खान्द्राच्या जागी चक्क 'रशियन आत्मा' बसवला. दुखण्याचं नाव पुसलं गेलं आणि तिथे राष्ट्राचा स्वभाव आला. पुश्किनने याला दुखणंच म्हटलं होतं.

आणि पुढेही तेच म्हटलं. १८३१च्या जानेवारीत त्याचा जिवलग मित्र देल्विग वारला. उन्हाळ्यात गंगेच्या खोऱ्यातून निघालेली पटकी पीटर्सबर्गमध्ये माणसं मारत होती. शोकात बुडालेल्या प्लेत्न्योव्ह या दुसऱ्या मित्राला पुश्किनने जुलैत पत्र लिहिलं. त्यात तो धीर देतो: आयुष्य अजून भरलेलं आहे, नवे मित्र जोडले जातील, तुझी मुलगी मोठी होईल. त्याआधी मात्र तो त्याला बजावतो की खान्द्रा पटकीहून वाईट, कारण पटकी फक्त शरीराला मारते आणि खान्द्रा आत्म्याला.