शूऽऽ... फ्लॉइड येतोय!

पन्नास वर्षांचा एक अल्बम, त्याचं नवंकोरं सराऊंड मिक्स आणि ते पहिल्यांदा ऐकायचं तर भंडारदऱ्याच्या काठावरच, असा हट्ट धरून बसलेले पाच वेडे!

'रिमिक्स' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? २००२ सालचं 'काँटा लगा'! जुनं गाणं घ्यायचं, खाली धाडधाड बीट टाकायचा, झालं रिमिक्स तयार. त्यामुळे माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, गेल्या वर्षी तीन महिने एका रिमिक्सची वाट बघत हवेत तरंगत होता, तेव्हा मावशीला वाटलं की पोरगा पस्तिशीत डान्स क्लास लावतोय की काय!

प्रकरण होतं पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'चं. अल्बम आला १२ सप्टेंबर १९७५ ला. बरोब्बर पन्नास वर्षांनी, १२ सप्टेंबर २०२५ ला, घोषणा झाली की जेम्स गथ्री या साऊंड इंजिनिअरने त्याचं डॉल्बी अ‍ॅटमॉस मिक्स केलंय आणि ते १२ डिसेंबरला येणार. मग काय, दादाच्या गँगमध्ये काऊंटडाऊन सुरू!

या रिमिक्समध्ये बीटबिट काही घालत नाहीत. स्टुडिओत प्रत्येक वाद्य टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड झालेलं असतं. गिटार एका ट्रॅकवर, गाणाऱ्याचा आवाज दुसऱ्यावर, ड्रम्स आणखी कुठे. हे सगळं एकत्र करून दोन स्पीकरमध्ये बसवलं की स्टिरिओ झालं. रिमिक्सवाला त्या मूळ टेप पुन्हा बाहेर काढतो आणि तेच सूर, तीच दाद, तोच खोकला नव्याने मांडतो. (हो, खोकला! टायटल साँगच्या सुरुवातीला कान देऊन ऐका.) ५.१ मध्ये पाच स्पीकर तुमच्या भोवती आणि एक धडधडणारा वूफर. अ‍ॅटमॉसमध्ये त्यावर छताकडचेही स्पीकर येतात आणि एखादा आवाज खोलीतल्या नेमक्या कुठल्या बिंदूतून यावा, हेसुद्धा ठरवता येतं. घरातलंच जुनं फर्निचर, पण भिंतीला चिकटवलेलं काढून हॉलच्या मधोमध मांडायचं. आणि तुम्ही सोफ्यावर!

फ्लॉइडला ही खाज पहिल्यापासून. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी 'अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाचं डबडं आणलं होतं. त्याची दांडी फिरवली की आवाज प्रेक्षकांच्या डोक्याभोवती गरागरा फिरायचा. सत्तरच्या दशकात चार स्पीकरचा क्वाड्रोफोनिक प्रकार आला, 'विश यू'चीही क्वाड आवृत्ती निघाली, पण त्याला वेगळी यंत्रं लागायची. ती कितीजणांकडे असणार? फॅड बसलं. पुढे २०११ मध्ये याच अल्बमचं ५.१ मिक्स आलं, तेही गथ्रीचंच.

आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचं खूळ आहे असं समजू नका. त्याच १९७५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे 'शोले' आला, सत्तर एमएम आणि स्टिरिओफोनिक साऊंडसकट. जयचं नाणं उडून खाली पडलं की मिनर्व्हातले लोक आपल्या खुर्चीखाली वाकून शोधायचे, असा किस्सा आजही सांगतात. काकांना एकदा विचारून बघा, डोळे चमकतील! गंमत म्हणजे 'शोले'ची नवी, रिस्टोअर केलेली प्रतही थिएटरात लागली १२ डिसेंबर २०२५ लाच. दादाचे बाबा त्या शुक्रवारी 'शोले'ला, आणि पोरगा फ्लॉइडला. एकाच घरात दोन रिलीज!

वाट बघणं हा या फॅन मंडळींचा धर्मच. 'अ‍ॅनिमल्स'चं उदाहरण घ्या. त्याचं नवं मिक्स २०१८ मध्येच तयार होतं. अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापायच्या लेखावरून रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मोर यांचं वाजलं, आणि रेकॉर्ड दुकानात यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं. दोन म्हाताऱ्यांच्या भांडणापायी जगभरचे लोक चार वर्षं ताटकळले! आपल्या हाऊसिंग सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग तरी याहून लवकर आटपते.

आता दादाच्या गँगबद्दल. ही मंडळी एकमेकांना सापडली डिसेंबर २००९ मध्ये, पवईच्या आयआयटीत, 'मूड इंडिगो'ला. पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश प्रोग बँड तिथे वाजवायला आला होता. त्याचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन स्वतः जुन्या प्रोग अल्बम्सच्या सराऊंड रिमिक्सचा बादशहा. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल... सगळ्यांच्या टेप त्याच्या हाताखालून गेल्यात. गँगमधले सीनियर तर २००७ मध्ये बीकेसीच्या मैदानावर रॉजर वॉटर्सलाही ऐकून आलेले. त्या दौऱ्यात स्पीकर प्रेक्षकांच्या मागेही लावलेले असायचे. पाठीमागून आवाज आला आणि मान वळवली, हे ठाण्याच्या बँकवाल्याकडून मी किमान अकरा वेळा ऐकलंय.

पाचजण. दादा बाणेरला आयटीत, एक ठाण्याला बँकेत, एक नाशिकला कॉलेजात शिकवतो, एक हडपसरची आर्किटेक्ट. आणि पाचवा सहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेला, तो तिथलाच झाला. दर हिवाळ्यात भंडारदऱ्याला जायचं आणि एक अख्खा अल्बम, मध्ये न थांबता, ऐकायचा ही प्रथा त्याने पाडलेली. आता तोच नसतो.

भंडारदराच का? एक तर पुणे, मुंबई, नाशिक सगळ्यांना जमतं. मुंबईकर कसारा-इगतपुरी-घोटीवरून, पुणेकर संगमनेर-अकोले-राजूरवरून. दुसरं म्हणजे थंडी आणि अंधार. प्रवरेवरचं हे दगडी धरण पूर्ण झालं १९२६ मध्ये आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणायला लागले. (गँगच्या मते हा शुभशकुन. विल्सनच्या डॅमवर विल्सनच्या भक्तांनी नाही जायचं तर कुणी?)

तिसरं कारण आर्किटेक्ट मॅडमनी सांगितलं आणि मला तेच सगळ्यांत पटलं. शहरात आपल्याला आवाज कुठून येतोय हे कळेनासं झालंय. एसी, ट्रॅफिक, कीबोर्ड, शेजारच्या क्युबिकलमधला कॉल, सगळ्याचा मिळून एकच लगदा. इथे काठावर दहा मिनिटं गप्प बसलं की कान हळूहळू वेगवेगळं करायला लागतात. पाण्याची चुळचूळ समोर, डाव्या हाताला शेंडी गावातलं कुत्रं, मागे झाडीत काहीतरी खसफसलं, डोक्यावरून एक पक्षी गेला. हे झालं फुकटचं अ‍ॅटमॉस!

पण इथे एक लोचा आहे. वीकएंडला तंबू ठोकून बसणारे सगळेच असे नसतात. ब्लूटूथ स्पीकर म्हणजे कॅम्पिंगचं सामानच झालाय, आणि पाण्यावरून आवाज किती लांब जातो याचा अंदाज कुणालाच नसतो. मे-जूनमध्ये हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, तेव्हा तर गाड्यांच्या रांगा, हेडलाइट आणि वर गाणी. शेजारीच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे असला दणदणाट करायला मनाई आहे, हे पाटीवर वाचूनही लोक आवाज वाढवतात. रात्री झोपायचं असतं त्या गावकऱ्यांनी काय करायचं? म्हणून गँगचा नियम कडक आहे. स्पीकर नाही. प्रत्येकाचे आपापले हेडफोन. फ्लॉइड असो की आणखी कुणी, काठावर ऐकू जायला नको.

आणि इथेच भांडण पेटलं. नाशिकचे सर कट्टर स्टिरिओवाले. त्यांचं म्हणणं, १९७५ मध्ये बँडने जे ठरवलं तोच अल्बम, बाकी सगळा धंदा. दादाने घरात पाच स्पीकर लावलेत, मागचे दोन बेडरूमच्या दारात येतात आणि त्यावर वहिनीने रोज घेतलेला आक्षेप हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याचा मुद्दा वेगळाच. हेडफोनवर सराऊंड म्हणजे कानांना दिलेला चकवा. आवाज एका कानाला किंचित उशिरा पोचवायचा, त्याचा पोत थोडा बदलायचा, की मेंदूला वाटतं तो बाजूने किंवा मागून आला. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, त्यामुळे एकाला जे मागून वाटतं ते दुसऱ्याला डोक्याच्या आत वाटतं. मग पहिल्यांदा असं अर्धवट ऐकायचं की घरी नीट? दोन आठवडे ग्रुपवर युद्ध चाललं.

सगळ्यांची नजर मात्र एकाच जागेवर होती. 'हॅव अ सिगार' संपता संपता अख्खा बँड आकसून एका छोट्या रेडिओत शिरतो. कुणीतरी स्टेशन बदलतं. मग त्या खरखरीतून एक बारीक गिटार वाजू लागते आणि तिच्या साथीला दुसरी, भरदार, जणू तुमच्या शेजारी बसून कुणीतरी रेडिओबरोबर वाजवतंय. हा रेडिओ सराऊंडमध्ये कुठे ठेवणार? कोपऱ्यात? मागे? आणि शेवटी जो वारा सुटतो, तो कुठून येणार? पंचवीस वर्षं ऐकलेल्या गाण्यातला वारा कुठून येतो यावर तीन महिने चर्चा! याला प्रेमच म्हणायचं.

तसं हे सगळं एका न आलेल्या माणसाबद्दलच आहे. बँड सुरू करणारा सिड बॅरेट मानसिक आजारामुळे १९६८ मध्ये बाहेर पडला होता. 'शाईन ऑन' हे नऊ भागांचं गाणं त्याच्यावरच. ५ जून १९७५ ला तो अचानक अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला. जाडजूड झालेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. सोबत वाढलेल्या मित्रांनी त्याला ओळखलंसुद्धा नाही. ओळख पटल्यावर काहींना रडू आवरेना.

मार्ग काढला एडिसनवाल्याने. तो म्हणाला, तुम्ही तिथे, मी इथे, सगळ्यांनी हेडफोनवरच ऐकायचं, आणि एकाच वेळी. म्हणजे भांडणच मिटलं! शनिवार, १३ डिसेंबर, भारतात रात्रीचे अकरा, त्याच्याकडे दुपारचे साडेबारा. काठावर रेंज धड नसते, म्हणून फोन लावायचा नाही, घड्याळ बघून प्ले दाबायचं. तोवर कुणीही ऐकायचं नाही. शुक्रवारी अल्बम सगळ्यांच्या फोनमध्ये उतरला होता आणि ऑफिसचा दिवस, संगमनेरपर्यंतचा ट्रॅफिक, शनिवारची दुपार, कुणीही हात लावला नाही. (बँकवाल्यावर माझा संशय आहे.)

मी पाहुणी म्हणून गेले होते. शनिवारी चंद्र उशिरा उगवणार होता आणि मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची ती ऐन रात्र. स्वेटर, कानटोपी, कानटोपीवर हेडफोन, असं ध्यान करून पाचजण ओळीत आडवे. तीनशे मीटरवरच्या तंबूत डीजे चालू होता. सर उठून गेले, गोड शब्दांत काहीतरी बोलले, आवाज बंद झाला. दहा एकोणसाठ. कुणीच बोलेना. दादा घड्याळाकडे नाही, पलीकडे सतरंजीच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग अंगठे खाली आले.

पुढची पाऊण तास कुणाचाच आवाज नाही. रेडिओच्या जागी आर्किटेक्ट मॅडमनी चक्क मान वळवून मागे पाहिलं, एवढं मला दिसलं. नंतर एकमत? छे! सरांना स्टिरिओच बरा वाटला, दादाला घरी जाऊन पुन्हा ऐकायचंय, आणि वारा मागून आला की वरून, यावर चहा गार झाला. रविवारी सकाळी शेंडीत रेंज आली, तेव्हा एडिसनहून एकच ओळ आलेली होती. त्याच्या मते वारा डावीकडून येतो.

'अ‍ॅनिमल्स'ला २०२७ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण होतील. त्याची वाट बघणं गँगने आधीच सुरू केलंय. तुम्हाला जायचं असेल तर अल्बम घरूनच उतरवून घ्या, हेडफोन चार्ज करा आणि कानटोपी विसरू नका, डिसेंबरात काठावर हाडं गोठतात.