सर्वेक्षण-बिंदूंची संगणकीय आयात

सर्वेक्षण-बिंदूंची संगणकीय आयात : प्रत्यक्ष जागेवर मोजलेल्या बिंदूंचे सहनिर्देशक (स्थान दर्शविणाऱ्या संख्या) संगणकसाहाय्यित आरेखनाच्या प्रणालीत आणून त्यांपासून नकाशा तयार करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. रस्ते, कालवे, धरणे व इमारती यांचे आराखडे आणि जमिनींच्या हद्दींचे नकाशे यांसाठी ही क्रिया आता नित्याची झाली आहे. बिंदूंची माहिती ज्या धारिकेत म्हणजेच फाइलमध्ये साठविलेली असते, तीत बहुधा केवळ संख्या असतात. त्यांचा क्रम, एकक व संदर्भपद्धती तीत नमूद नसते. यांपैकी एखादी गोष्ट चुकीची गृहीत धरली गेल्यास संगणक दिसण्यात निर्दोष, परंतु प्रत्यक्षात चुकीचा नकाशा काढून देतो.

साखळी व थिओडोलाइट यांनी घेतलेली मापे पूर्वी क्षेत्रपुस्तिकेत टिपून नंतर कचेरीत कागदावर उतरविली जात. समतल फलकाच्या पद्धतीत तर नकाशा जागेवरच काढला जाई, त्यामुळे चूक तत्काळ नजरेस येई. पुढे कोन व अंतर ही दोन्ही इलेक्ट्रॉनीय रीतीने मोजून नोंदविणारे ‘टोटल स्टेशन’ हे उपकरण प्रचारात आले. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ ही आरेखन-प्रणाली वैयक्तिक संगणकांसाठी उपलब्ध झाली. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारे ग्राहकही नंतर वापरात आले. परिणामी उपकरणातील संख्या मानवी नजरेखालून न जाता थेट नकाशात उतरू लागल्या.

धारिकेची रचना : धारिकेतील प्रत्येक ओळ एका बिंदूची असते. प्रचलित क्रम बिंदुक्रमांक, उत्तरमान (उत्तरेकडील अंतर), पूर्वमान (पूर्वेकडील अंतर), उंची व वर्णन असा आहे. उदा., ‘१०१, ५०४२·३१५, २०१८·७६०, ५६१·२४०, झाड’. वर्णनाच्या जागी बहुधा ठराविक संकेत लिहितात. त्यांच्या आधारे प्रणाली झाडे, विहिरी, विजेचे खांब इत्यादींना योग्य चिन्हे देते व ती वेगवेगळ्या थरांत मांडते. स्तंभ अल्पविरामाने विभागलेले असल्यास वर्णनात अल्पविराम येऊ देत नाहीत. अन्यथा एकच वर्णन दोन स्तंभांत विभागले जाते. एकाच क्रमांकाचे दोन बिंदू असल्यास आधीचा बिंदू पुसला जाण्याचा संभव असतो.

स्तंभांचा क्रम : सर्वेक्षणात दिशा उत्तरेपासून मोजतात, म्हणून उत्तरमान प्रथम लिहिण्याची प्रथा आहे. गणितात व आरेखनात मात्र आडवे अंतर, म्हणजे पूर्वमान, प्रथम येते. ही अदलाबदल लक्षात न घेतल्यास संपूर्ण नकाशा ईशान्य-नैर्ऋत्य रेषेभोवती आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटतो. आरंभबिंदूपासून ६० मी. पूर्वेस व २० मी. उत्तरेस असलेली विहीर २० मी. पूर्वेस व ६० मी. उत्तरेस दिसू लागते. अशा प्रतिमेत बिंदूंमधील सर्व अंतरे व क्षेत्रफळे अबाधित राहतात. त्यामुळे क्षेत्रफळाचा मेळ बसला, एवढ्यावरून नकाशा बरोबर ठरत नाही. त्यावरून हद्दीच्या खुणा रोवल्यास शेजाऱ्याच्या जमिनीवर अतिक्रमण होऊ शकते. स्थानिक आरंभबिंदूस दोन्ही मूल्ये १,००० अशी समान दिल्यास ही चूक सहसा लपून राहते. म्हणून उत्तरमान ५,००० व पूर्वमान २,००० अशी भिन्न मूल्ये देणे श्रेयस्कर असते.

एकके : मीटर व फूट यांतील गफलत सु. ३·२८ पटीची असल्याने ती सहज ध्यानात येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र दोन प्रकारचे फूट दीर्घकाळ प्रचलित होते : ०·३०४८ मी. लांबीचा आंतरराष्ट्रीय फूट आणि १२००/३९३७ मी. लांबीचा सर्वेक्षण फूट. दोहोंतील फरक दशलक्षांत केवळ दोन भाग एवढाच आहे. तथापि सहनिर्देशक २० लक्ष फुटांचा असल्यास बिंदू सु. ४ फूट सरकतो. सर्वेक्षण फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृत वापरातून काढण्यात आला. परंतु जुन्या धारिका त्याच एककात आहेत.

संदर्भपद्धती : सार्वत्रिक आडव्या मर्केटर प्रक्षेपात पृथ्वीचे प्रत्येकी ६° रेखांशांचे ६० पट्टे पाडलेले असून ७८° पूर्व रेखांशावर महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागला जातो. मुंबई व पुणे ही शहरे ४३ व्या, तर नागपूर व चंद्रपूर ४४ व्या पट्ट्यात येतात. सहनिर्देशकांची तीच जोडी दोन्ही पट्ट्यांत संभवते. पट्टा चुकल्यास या अक्षांशांवर बिंदू ६०० किमी.हून अधिक सरकतो. शिवाय पट्ट्याच्या मध्यरेखांशावर प्रमाण ०·९९९६ असल्यामुळे १ किमी. अंतर नकाशात ४० सेंमी.ने कमी भरते. लांब पुलाच्या किंवा कालव्याच्या आखणीत ही दुरुस्ती विचारात घ्यावी लागते.

उंची : उपग्रहीय ग्राहक गणिती विवृत्ताभापासूनची उंची देतो, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. मुंबई-पुणे परिसरात या दोहोंतील फरक ६० मी.हून अधिक असल्याने मुंबईच्या किनाऱ्यावर उपग्रहीय उंची ऋण येते. पाण्याच्या प्रवाहाशी निगडित कामांत दोन प्रकारच्या उंची एकत्र आल्यास उतारांची सर्व गणिते व्यर्थ ठरतात. न मोजलेली उंची शून्य म्हणून नोंदली गेल्यास समोच्चरेषांत त्या जागी खोल खड्डा दिसतो.

पडताळणी : आयातीनंतर बिंदूंची संख्या धारिकेतील ओळींशी ताडून पाहतात व प्रत्येक स्तंभातील लघुतम व महत्तम मूल्ये तपासतात. आधीच ज्ञात असलेली किमान दोन संदर्भचिन्हे योग्य जागी आली आहेत काय, हे पाहतात. दोन ठळक बिंदूंमधील अंतर जागेवर फितीने मोजून नकाशाशी जुळवितात. प्रतिमा उलटली नसल्याची खात्री करण्यासाठी दिशाही जुळवावी लागते. मूळ धारिका अबाधित ठेवून तिच्यासोबत स्तंभक्रम, एकक, प्रक्षेप, उंचीचा संदर्भ व मोजणीचा दिनांक यांचे टिपण ठेवणे आवश्यक आहे. ‘लँडएक्सएमएल’सारख्या अलीकडील स्वरूपांत एकक व संदर्भपद्धती धारिकेतच नोंदविण्याची सोय असते, तथापि तेथील नोंदही मनुष्यानेच भरलेली असल्याने जागेवरील पडताळणी टाळता येत नाही.