रूपक बटबटीत झालं की चाहते हिरमुसतात!

परग्रहावरची माणसं, प्रकाशापेक्षा वेगात धावणारी यानं, काळात मागेपुढे नेणारी निळी पेटी! विज्ञानकथा मालिका कितीही दूरच्या गोष्टी सांगोत, बोलत असतात त्या आपल्याच जगाबद्दल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर कॅप्टन कर्क आणि स्पॉकला भेटलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही हे ठाऊक आहे. चाहत्यांना रूपक हवंच असतं. पण गोष्ट थांबवून भाषण सुरू झालं, की सगळ्यात आधी तेच नाराज होतात. अशाच काही फसलेल्या आणि काही जमून गेलेल्या भागांचे हे भन्नाट किस्से.

कोकच्या बाटल्याही उचलल्या!
१९५५मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्या प्रकरणावरून लेखक रॉड सर्लिंगने टीव्हीसाठी नाटक लिहिलं. १९५६मध्ये ते पडद्यावर येईपर्यंत प्रायोजकांच्या धास्तीने त्यातल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. घटना न्यू इंग्लंडमध्ये हलवली, मारला गेलेला माणूस कुणी परदेशी झाला. कोकाकोला दक्षिणेतलं पेय, म्हणून सेटवरच्या बाटल्यासुद्धा हटवल्या! १९५९मध्ये सर्लिंगने ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू केली. पुढाऱ्याच्या तोंडी जे घालता येत नव्हतं, ते मंगळावरच्या पाहुण्याच्या तोंडी बिनबोभाट खपू लागलं.

गल्लीतले राक्षस
सर्लिंगचा हा मार्ग किती प्रभावी होता, ते १९६०च्या ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ या भागात दिसतं. एका शांत गल्लीतली वीज जाते. परग्रहवासी माणसाच्या रूपात आपल्यातच राहतायत, अशी शंका एक लहान मुलगा बोलून दाखवतो. झालं! शेजारी शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागतो आणि अंधारातून चालत येणाऱ्या निरपराध माणसाला गोळी लागते. कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या अमेरिकेतल्या मोहिमेचं हे रूपक. पण कुठल्या पक्षाचं नाव नाही, पुढाऱ्याचं नाही. चाहते आजही हा भाग डोक्यावर घेतात.

त्याच सर्लिंगचा तोल गेला
१९६४च्या ‘आय अ‍ॅम द नाइट, कलर मी ब्लॅक’ या भागाची कल्पना जबरदस्त आहे. एका माणसाला फाशी द्यायची त्या दिवशी गावात सूर्यच उगवत नाही. एवढ्यावर अंगावर काटा येतो. पण केनेडींच्या हत्येने हादरलेल्या सर्लिंगला तेवढं पुरेसं वाटलं नाही. हा अंधार म्हणजे माणसाच्या मनातला द्वेष, हे पात्रं बोलून दाखवतात. मग रेडिओवर बातमी येते, की अंधार आता बर्लिनच्या भिंतीवर, डॅलसच्या रस्त्यावर, बर्मिंगहॅमवर, शांघायवरही पसरलाय. प्रेक्षकाने मनात करायची जुळवाजुळव निवेदकानेच उरकून टाकली.

परग्रहावर अमेरिकेचा झेंडा
‘स्टार ट्रेक’च्या फसलेल्या भागांमध्ये १९६८च्या ‘द ओमेगा ग्लोरी’चं नाव हमखास निघतं. एका ग्रहावर ‘यांग’ आणि ‘कोम’ या दोन जमाती लढतायत. यांग म्हणजे यांकी, कोम म्हणजे कम्युनिस्ट. हे कमी पडलं म्हणून शेवटी अमेरिकेचा झेंडा वाजतगाजत आत येतो आणि कॅप्टन कर्क अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रास्ताविका ठसक्यात वाचून दाखवतो! गंमत म्हणजे ही पटकथा मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची. दुसऱ्या पायलट भागासाठी विचारात असलेल्या तीन संहितांमध्ये ती होती. तेव्हा ती निवडली गेली असती, तर या मालिकेचं पुढे काय झालं असतं, या विचारानेही चाहत्यांना धडकी भरते.

क्रेडिटमध्ये गुमाटो, तोंडात मुगाटो
व्हिएतनाममध्ये टेट आक्रमणाची धुमश्चक्री चालू असतानाच, २ फेब्रुवारी १९६८ला त्याच युद्धाचं रूपक असलेला ‘स्टार ट्रेक’चा ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ प्रसारित झाला. क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी एका टोळीला बंदुका पुरवतात, म्हणून कर्क दुसऱ्या टोळीला तशाच बंदुका देतो. मूळ लेखक डॉन इंगल्स यांना रॉडनबेरींनी केलेले बदल इतके खटकले, की त्यांनी श्रेयनामावलीत टोपणनाव लावलं. त्यातल्या पांढऱ्या, शिंगवाल्या प्राण्याचं नाव संहितेत ‘गुमाटो’ होतं. डॉ. मकॉय साकारणाऱ्या डीफॉरेस्ट केली यांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून त्याचा झाला ‘मुगाटो’. क्रेडिटमध्ये मात्र गुमाटोच राहिला!

उजवी बाजू काळी की डावी?
१० जानेवारी १९६९. ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’. बील आणि लोकाई, दोघांचेही चेहरे मधोमध दुभागलेले, अर्धे काळे, अर्धे पांढरे. बील लोकाईच्या जमातीला हीन म्हणतो. कर्क आणि स्पॉक गोंधळतात, कारण त्यांना दोघं सारखेच दिसतात. बील चिडून म्हणतो, माझी उजवी बाजू काळी आहे, त्याच्या लोकांची उजवी बाजू पांढरी! त्या क्षणी पाहणाराही चमकतो, कारण इतका वेळ त्याच्याही ते लक्षात आलेलं नसतं. वंशद्वेषाचा फोलपणा एका वाक्यात उघडा पडतो. हे चेहरे चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना दिग्दर्शक जड टेलर यांना सुचले. पहिल्या आराखड्यात एक सैतान देवदूताचा पाठलाग करत होता! पण बीलच्या त्या वाक्यावर भाग संपत नाही. पुढे यानाच्या बोळांतून लांबलचक धावपळ, जळत्या शहरांची जुनी दृश्यं आणि वर तात्पर्यही येतं.

दाराआडून टाटा
‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा ‘सिम्बायोसिस’ (१९८८) म्हणजे दोन ग्रहांची गोष्ट. एक ग्रह औषधाच्या नावाखाली नशा विकतो, दुसरा त्यात बुडालाय. कॅप्टन पिकार्ड त्यांची जहाजं दुरुस्त करून देत नाही. व्यापारच बंद पडणार आणि नशा सुटणार! केवढी सुंदर युक्ती! पण चाहत्यांच्या लक्षात राहिलं ते यानावरच्या ताशा यारने पोरसवद्या वेस्लीला दिलेलं अमली पदार्थांवरचं भाषण. नॅन्सी रेगन यांच्या ‘जस्ट से नो’ या नशाविरोधी मोहिमेचे ते दिवस होते. ताशा झालेल्या डेनिस क्रॉस्बी यांचं मालिकेतल्या नियमित कलाकार म्हणून हे शेवटचं चित्रीकरण. एका प्रसंगात दार बंद होता होता मागे नीट पाहा, क्रॉस्बी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतायत!

अंतराळात वेगमर्यादा
याच मालिकेच्या १९९३च्या ‘फोर्स ऑफ नेचर’मध्ये शोध लागतो, की प्रकाशापेक्षा वेगात नेणाऱ्या वॉर्प इंजिनामुळे अंतराळाचीच झीज होतेय. उपाय? सगळ्या यानांना वॉर्प ५ची मर्यादा! पर्यावरणाचं हे रूपक लिहिलं नरेन शंकर यांनी. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलीय आणि पुढे ‘द एक्सपान्स’सारखी नावाजलेली मालिका सांभाळली. इथे मात्र पूर्वार्ध डेटा या यंत्रमानवाच्या मांजरीला शिस्त लावण्यात गेला आणि उत्तरार्ध धोक्याचा इशारा देण्यात. ती वेगमर्यादा नंतर मालिकेने जवळपास सोडूनच दिली.

दुःखी दिसलात तर खबरदार!
‘डॉक्टर हू’ने १९८८च्या ‘द हॅपिनेस पेट्रोल’मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना थेट अंगावर घेतलं. दुःखी असणं हा जिथे गुन्हा, अशा वसाहतीची शासनकर्ती हेलन ए. तिची भूमिका शीला हँकॉक यांनी थॅचर यांच्याच ढंगात केली. गुलाबी विगमधल्या बायका उदास माणसांना टिपत फिरतात. चाहते तेव्हा चक्रावले, पुढे मात्र यावर बरीच चर्चा झाली. २०११मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी ईस्टरच्या प्रवचनात या भागाचा दाखला दिला! ‘द हॅपिनेस पेट्रोल’च्याही आधी, १९७७च्या ‘द सन मेकर्स’मध्ये रॉबर्ट होम्स यांनी करवसुलीची अशीच खिल्ली उडवली होती. एका बोळाचं नाव होतं पी४५, म्हणजे ब्रिटनमधला नोकरी सोडतानाचा कराचा कागद. हसता हसता टोला बसला, म्हणून फारसा कुणाला खुपला नाही.

शेवटच्या मिनिटाचं प्रवचन
‘डॉक्टर हू’च्या १२ जानेवारी २०२०च्या ‘ऑर्फन ५५’वर चाहते सर्वाधिक तुटून पडले. उजाड ग्रहावरच्या आलिशान रिसॉर्टवर राक्षस हल्ला करतात. मग रशियन अक्षरांतली जुनी पाटी सापडते आणि कळतं, हा ग्रह म्हणजे आपली पृथ्वीच! धक्का बसायला ती पाटी पुरेशी होती. तरीही शेवटी जोडी व्हिटेकर यांच्या डॉक्टरला सोबत्यांपुढे उभं करून हवामानबदलावर बोलायला लावलं. विषय जिव्हाळ्याचा, इशारा खरा. पण पाटीने केलेला परिणाम भाषणाने पुसला.

आणि ज्यांना जमलं
ऑक्टोबर २००६. अमेरिकी सैन्य इराकमध्ये असताना ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने माणसांनाच यंत्रांच्या ताब्यात टाकलं. इथे आत्मघाती स्फोट घडवणारे आपले लाडके नायक! बरोबर कोण आणि चूक कोण, याचं तयार उत्तर हातात न देता प्रेक्षकाला अस्वस्थ सोडलं. राजकारण इथे कुठल्याही फसलेल्या भागाइतकंच ठासून भरलंय, आणि तरी चाहत्यांनी ही मालिका डोक्यावर घेतली.

म्हणजे चाहत्यांचं भांडण राजकारणाशी नाहीच. मेपल स्ट्रीटची बंदूक, बीलचा चेहरा, रशियन पाटी ही रूपकं मनात रुतून बसतात, कारण अर्थ आपला आपल्याला लागतो. तेव्हा या शनिवार-रविवारी ‘मेपल स्ट्रीट’ आणि ‘ऑर्फन ५५’ लागोपाठ पाहा. फरक आपोआप कळेल. आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकच कळकळीची विनंती: बिनधास्त भूमिका घ्या, पण प्रेक्षकाच्या बुद्धीवर भरवसा ठेवा.