संगणकाला ओळख न पटणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कमधील फाईलींची पुनर्प्राप्ती : कारणे, पद्धती आणि मर्यादा

सारांश :
महाविद्यालयीन प्राध्यापकांचे १९९० ते २०१० या काळातील बरेचसे लेखन व संशोधनसामग्री जुन्या हार्ड डिस्कवर साठविलेली आहे. अशी डिस्क नव्या संगणकास जोडली असता तिची ओळख पटत नाही आणि ती निकामी समजून टाकून दिली जाते. प्रत्यक्षात 'ओळख न पटणे' हा एकच बिघाड नसून त्याचे निरनिराळे स्तर आहेत. प्रस्तुत लेखात या स्तरांचे विवेचन केले असून, फाईली परत मिळविण्याची सुरक्षित पद्धती, तिच्या मर्यादा आणि मराठी मजकुराच्या बाबतीत उद्भवणारा फॉन्टचा विशेष प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : हार्ड डिस्क, फाईल सिस्टीम, प्रतिकृती, पुनर्प्राप्ती, युनिकोड.

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची तरतूद केली व पुढे इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले. तत्पूर्वीच्या प्रबंधांची छापील प्रत ग्रंथालयात असते; परंतु त्यामागील प्रश्नावल्या, क्षेत्रीय नोंदी, मुलाखतींची लिप्यंतरे, ओव्या व लोकगीतांचे संकलन, न छापलेली प्रकरणे ही सामग्री बहुधा एखाद्या जुन्या संगणकातच राहून गेलेली असते. माहिती देणारी वृद्ध मंडळी आज हयात नसतील, तर ते संकलन पुन्हा करणे शक्य नाही. म्हणूनच हार्ड डिस्कच्या दुरुस्तीचा हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नसून संशोधनसामग्रीच्या जतनाचा प्रश्न आहे.

१. हार्ड डिस्कची रचना :
पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आयबीएम या कंपनीने १९५६ मध्ये 'रॅमॅक' या संगणकाबरोबर आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे साठविता येत. आकार कितीतरी लहान झाला, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे 'हेड' त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर हवेच्या थरावर तरंगत राहते. हे अंतर धूलिकणाच्या आकारापेक्षाही कमी असते. जुन्या डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या छोट्या विभागांत, म्हणजे सेक्टरमध्ये लिहिलेली असते. कोणती फाईल कोणत्या सेक्टरमध्ये आहे याची नोंदवही म्हणजे फाईल सिस्टीम होय.

ग्रंथालयाशी तुलना केल्यास हे सहज समजते. सेक्टर म्हणजे फडताळे, फाईली म्हणजे ग्रंथ आणि फाईल सिस्टीम म्हणजे तालिका. तालिका नष्ट झाली म्हणून ग्रंथ नष्ट होत नाहीत. ते केवळ सापडत नाहीत. पुनर्प्राप्तीचे बहुतेक सर्व उपाय या एका तथ्यावर आधारलेले आहेत.

२. ओळख न पटण्याचे स्तर :
(अ) जोडणीचा स्तर : २००३ च्या सुमारास साटा जोडणी बाजारात आली. त्यापूर्वीच्या डिस्क आयडीई पद्धतीच्या असून त्यांना ४० पिनांची रुंद पट्टीसारखी केबल लागते. नव्या संगणकात ही सोय नसते. यासाठी यूएसबी रूपांतरक मिळतो. परंतु साडेतीन इंची डिस्कला ५ व १२ अशा दोन्ही व्होल्टचा पुरवठा आवश्यक असल्याने रूपांतरकासोबत स्वतंत्र वीजपुरवठा असावा लागतो. लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क ४४ पिनांची असते व तिला ५ व्होल्ट पुरतात. आयडीई डिस्कच्या मागील बाजूस असलेला 'जम्पर' चुकीच्या जागी असेल, तरीही डिस्क दिसत नाही. एका केबलवरील दोन्ही साधने 'मास्टर' म्हणून ठेवल्यास ती एकमेकांच्या आड येतात. रूपांतरक वापरताना जम्पर सामान्यतः 'मास्टर' स्थितीत ठेवावा.

(आ) मूळ संगणकाचा स्तर : कित्येकदा डिस्क सुस्थितीत असते, पण जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. त्यामुळे बायोसमधील नोंदी पुसल्या जातात आणि जुन्या बायोसला डिस्क सापडत नाही. बॅटरी बदलून बायोसमध्ये डिस्कची नोंद 'ऑटो' केल्यास हा प्रश्न सुटू शकतो.

(इ) फाईल सिस्टीमचा स्तर : बायोसमध्ये किंवा विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्कचे नाव व क्षमता अचूक दिसते, परंतु विभागाला अक्षर नसते, 'रॉ' असे लिहून येते, किंवा डिस्क 'फॉरमॅट' करण्याची सूचना मिळते. याचा अर्थ यंत्रणा चालू असून तालिका बिघडली आहे, असा बहुधा होतो. क्वचित तालिका शाबूत असूनही विंडोजला ती वाचता येत नाही. लिनक्सवर तयार केलेली डिस्क हे त्याचे उदाहरण होय.

(ई) यांत्रिक व विद्युत स्तर : वीज देऊनही डिस्क पूर्ण स्तब्ध राहिली, तर दोष वीजपुरवठ्यात, खालच्या सर्किट बोर्डात किंवा मोटारीत संभवतो. ठरावीक अंतराने 'टक-टक' असा आवाज येत असेल, तर हेड निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी वीज तत्काळ बंद करणे हेच हिताचे. निकामी हेड फिरत्या तबकडीवर घासले गेल्यास चुंबकीय लेपच खरवडला जातो आणि त्यासोबत माहितीही कायमची जाते.

म्हणून निदानाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम आवाज ऐकावा, मग केबल, जम्पर व वीजपुरवठा तपासावा, त्यानंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव व क्षमता दिसते का ते पाहावे आणि शेवटी फाईल सिस्टीमचा विचार करावा.

३. कोणत्या गोष्टी करू नयेत :
मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये, हा पुनर्प्राप्तीचा पहिला नियम आहे. 'फॉरमॅट करावे काय?' किंवा 'डिस्क इनिशियलाइज करावी काय?' या प्रश्नांना नकार द्यावा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास सर्व सेक्टरवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर सामान्य साधनांनी काहीही परत मिळत नाही. 'चेक डिस्क' ही आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह दिल्यास ती तालिकेत स्वतःच फेरफार करते व फाईलींचे तुटक तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. तिचा हेतू डिस्क पुन्हा वापरण्यायोग्य करणे हा आहे. त्यावरील लेखन वाचविणे हा नव्हे.

डिस्क शीतकपाटात ठेवावी, तिच्यावर हलकेच ठोकावे, असे उपाय ऐकिवात असतात. थंड डिस्क बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमू शकते आणि ठोकण्याने हेड तबकडीवर आदळू शकते. डिस्क उघडून पाहणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा बसविणे हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. अनेक डिस्कच्या बोर्डावरील एका चिपमध्ये त्याच डिस्कपुरत्या जुळणीच्या नोंदी असतात आणि ती चिपही हलवावी लागते.

४. प्रतिकृती तयार करणे :
डिस्क वाचता येत असेल, तर फाईली शोधण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिकृती तयार करावी. साध्या 'कॉपी'मध्ये संगणक एखाद्या खराब सेक्टरपाशी अडून पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतो आणि तेवढ्यात दुबळी डिस्क पूर्णपणे बंद पडण्याचा संभव असतो. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' ही मुक्त प्रणाली याच्या उलट क्रमाने चालते. सहज वाचता येणारे भाग ती आधी उचलते, अडचणीचे भाग एका नोंद-फाईलीत लिहून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. मध्येच काम थांबले, तरी ते त्याच जागेपासून पुढे सुरू करता येते. ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्समध्ये वापरता येते. विंडोज डिस्क जोडताच तिच्यावर काही नोंदी करू शकत असल्याने हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. प्रतिकृतीसाठी घेतलेली डिस्क मूळ डिस्कपेक्षा अधिक क्षमतेची असावी. तसेच मूळ कोणती व नवी कोणती हे क्षमता व अनुक्रमांक पाहून दोनदा पडताळावे. आज्ञेत त्यांची अदलाबदल झाल्यास रिकाम्या डिस्कची प्रतिकृती भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. प्रतिकृती तयार झाल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवावी व पुढील सर्व प्रयोग प्रतिकृतीवरच करावेत.

५. फाईलींचा शोध :
हा शोध दोन प्रकारे घेता येतो. पहिला प्रकार म्हणजे तालिकेची पुनर्रचना. एफएटी-३२ व एनटीएफएस या दोन्ही पद्धतींत विभागाच्या आरंभीच्या सेक्टरची एक राखीव प्रत अन्यत्र ठेवलेली असते. 'टेस्टडिस्क' ही मुक्त प्रणाली अशा खुणांवरून हरवलेले विभाग शोधून काढते. एफएटी पद्धतीत फाईल पुसली जाते, तेव्हा नावाचे पहिले अक्षर बदलले जाते व जागा 'मोकळी' म्हणून नोंदविली जाते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. या प्रकारात फाईलींची नावे व फोल्डर बहुतांशी टिकून राहतात.

दुसरा प्रकार तालिका पूर्ण नष्ट झाल्यावर उपयोगी पडतो. प्रत्येक प्रकारच्या फाईलीच्या आरंभी ठरावीक खूण असते. जुन्या वर्ड फाईलीचा आरंभ 'डी०-सीएफ-११-ई०' या हेक्साडेसिमल अंकांनी होतो, तर पीडीएफ फाईलीच्या आरंभी टक्केचिन्हापुढे 'पीडीएफ' हीच रोमन अक्षरे असतात. 'फोटोरेक' ही प्रणाली सर्व सेक्टर क्रमाने वाचून अशा खुणा हेरते. मात्र यात मूळ नावे मिळत नाहीत आणि तुकड्यातुकड्यांनी साठविलेल्या फाईली अपुऱ्या येऊ शकतात. हजारो निनावी फाईली उघडून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

काही वेळा फाईली दिसतात, पण उघडताना परवानगी नाकारली जाते. जुन्या विंडोजमधील वापरकर्त्याच्या नावे असलेले अधिकार हे त्याचे कारण असून प्रतिकृतीवर ते बदलता येतात. मात्र विंडोजच्याच सोयीने फाईली कूटबद्ध केलेल्या असतील, तर मूळ वापरकर्त्याच्या किल्लीवाचून त्या वाचता येत नाहीत.

६. तज्ज्ञांची मदत :
यांत्रिक बिघाडात धूळविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेशिवाय गत्यंतर नाही. तेथे काय साध्य होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे कोलंबिया हे अंतराळयान. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान कोसळले. अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविली. झेनॉन वायूच्या विष्यंदितेविषयीच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून जळालेली डिस्क वाचली, कारण तबकड्यांवरील माहितीचा भाग शाबूत होता. उलट, बाहेरून नवीकोरी दिसणारी पण आतून खरवडलेली डिस्क कोणत्याही प्रयोगशाळेत वाचत नाही. ही सेवा खर्चिक असल्याने सामग्रीचे मोल आधी ठरवावे आणि घरगुती प्रयोग करण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा.

७. मराठी मजकुराचा विशेष प्रश्न :
मराठीच्या अभ्यासकांसाठी फाईल मिळाली की काम संपले, असे होत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी मराठी टंकलेखन व अक्षरजुळणी पुढे अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींतील फॉन्टवर होत राहिली. या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ दिसते. ती पाहून फाईल बिघडली असे समजून ती पुसण्याचा धोका असतो. वस्तुतः फाईल पूर्णतः शाबूत असते.

यावरून तीन गोष्टी ओघाने येतात. एक, प्रतिकृतीतून दस्तऐवजांबरोबर विंडोजचे 'फॉन्ट्स' हे फोल्डरही काढून घ्यावे. दोन, देवनागरीत शब्द टाकून शोध घेतल्यास या फाईली सापडत नाहीत. त्यांचा शोध दिनांक व प्रकार यांवरून घ्यावा. तीन, मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी येथे चुका राहून जातात. पेजमेकरमधील फाईलींचा प्रश्न आणखी बिकट आहे. इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्याच पेजमेकर ६.० व त्यापुढील आवृत्त्यांच्या फाईली उघडू शकतात. त्यामुळे मुद्रकाकडील एखादा जुना संगणक चालू असेल, तर तो जपून ठेवणे श्रेयस्कर.

८. महाविद्यालयांची जबाबदारी :
निर्लेखनाच्या वेळी संगणक भंगारात जातात, तेव्हा त्यांतील हार्ड डिस्कचा वेगळा विचार होणे आवश्यक आहे. तिच्यावर संशोधनसामग्री असते, तसेच विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते व जातीचे दाखलेही असतात. फाईल पुसल्यावरही मजकूर उरतो, हे वर पाहिलेच. जे तथ्य अभ्यासकाला तारक ठरते, तेच विद्यार्थ्यांच्या खासगी माहितीला मारक ठरू शकते. म्हणून आवश्यक ती सामग्री काढून घेतल्यानंतर डिस्क पूर्ण पुसूनच संगणक बाहेर द्यावा. ज्या तंत्रज्ञाकडे डिस्क सोपवायची, त्याच्याशीही गोपनीयतेविषयी लेखी बोलणे झालेले असावे.

समारोप :
ओळख न पटणारी हार्ड डिस्क बहुतेक वेळा मृत नसते. तिच्याशी बोलण्याचा मार्ग तुटलेला असतो. निदान क्रमाने करणे, मूळ डिस्कवर काहीही न लिहिणे, प्रतिकृतीवर काम करणे आणि यांत्रिक बिघाडाची खूण दिसताच थांबणे, एवढे पथ्य पाळल्यास सामान्य प्राध्यापकालाही पुष्कळ काही परत मिळविता येते. परंतु चुंबकीय तबकडी चिरंतन नाही. परत मिळालेल्या फाईलींच्या युनिकोडमधील किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आणि एक प्रत ग्रंथालयाच्या स्वाधीन करणे, हा या कामाचा शेवटचा टप्पा मानला पाहिजे. तो पार पडला नाही, तर आज वाचविलेली सामग्री पुढच्या पिढीला पुन्हा एकदा ओळख न पटणाऱ्या एखाद्या पेटीतच सापडेल.